गाडी एक रात्र मुक्कामाला ठेवा

"ताई, माझं वय ३४. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आणि लहानसं पॅकहाऊस आहे. यंदा हंगाम बरा गेला. मुंबईच्या एका डीलरकडे २०१२ ची पोर्श कायेन टर्बो आहे. पेट्रोल, मीटरवर ५८ हजार किलोमीटर, दुसरा मालक, ३२ लाख सांगतोय. रविवारी तो स्वतः गाडी घेऊन येणार आहे. 'समृद्धीवर एक चक्कर मारा, मग बोलू' म्हणतो. मी आजवर स्कॉर्पिओ आणि क्रेटा चालवली आहे. असल्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह नेमकी घ्यायची कशी? त्याच्यासमोर अडाणी दिसायला नको. नाना (वडील) म्हणतात, नवी फॉर्च्युनर घे. त्यांना सोबत घेऊ का?"
– एक बागाईतदार, ता. निफाड

दादा, तुमच्या पत्रातलं "रविवारी तो स्वतः गाडी घेऊन येणार आहे" हे वाक्य मला खटकलं. तुम्हाला त्यात आपुलकी दिसली असेल. मला त्याची सोय दिसली. मुंबईहून पिंपळगाव दोनशेच्या आसपास किलोमीटर. गाडी तुमच्या दारात उभी राहील तेव्हा इंजिन चांगलं तापलेलं, गिअरबॉक्सचं तेल पातळ झालेलं, एअर सस्पेंशन (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारी यंत्रणा) हवा भरून ताठ. या जातीच्या गाडीची जी दुखणी सकाळी झोपेतून उठताना दिसतात, ती सगळी वाटेतच दबलेली असणार.

म्हणून त्याला आजच फोन करा आणि रविवारऐवजी शनिवारची संध्याकाळ मागा. गाडी रात्रभर पॅकहाऊसच्या आवारात उभी राहील, किल्ली हवी तर त्याच्याकडेच राहू दे, त्याच्या जेवणाची आणि झोपायची सोय तुम्ही करा. गाडी धडधाकट असेल तर तो कुरकुर करत का होईना, तयार होतो. "आमच्याकडे अशी पद्धत नाही" म्हणाला तर तुम्ही एक दिवस आधी पहाटे मुंबईला जा आणि त्याला बजावून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काय समजायचं ते तुम्हाला कळतंच.

आता समृद्धीच्या चक्करबद्दल. २०१२ च्या कायेन टर्बोत ४.८ लिटरचं व्ही-८ इंजिन आहे, दोन टर्बो, ५०० पीएस. सव्वादोन टनांच्या घरातलं हे धूड शून्यावरून शंभरावर ४.७ सेकंदांत जातं. स्कॉर्पिओ चालवलेल्या माणसाने पहिल्यांदा पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, तोंडातून शिवी निघते आणि सौदा तिथेच निम्मा होतो. डीलरला हे पक्कं ठाऊक असतं. पण आजारी कायेनसुद्धा अशीच पळते. टर्बो, व्ही-८, ताकद, यातलं काही तपासायची गरजच नाही. ते कंपनीने २०१२ मध्ये तपासून दिलं आहे. तुम्ही तपासायचं ते ताशी पाच ते चाळीस किलोमीटरमध्ये. शिवाय समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे आणि सिन्नरपर्यंत जाऊन तिथल्या गुळगुळीत काँक्रीटवर तुम्हाला गाडीबद्दल कळणार काय? तो रस्ता कुठल्याही गाडीला चांगलं म्हणवून घेतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागून सांगते. अंबडला आमचं वर्कशॉप होतं, रोज दुसऱ्यांच्या गाड्यांच्या खोड्या काढायचे, आणि तरीही एक जुनी जर्मन एसयूव्ही घेताना फसले. कुणाकडून घेतली ते नाव नको. पाथर्डी फाट्यापासून पुढे हायवेवर त्याने मला दोनदा पाय दाबायला लावला, मी दोनदा हसले आणि टोकन दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर गाडी मागच्या डाव्या बाजूने डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी टेकलेली. मागचे दोन्ही बेलो (सस्पेंशनच्या हवेच्या रबरी पिशव्या) फाटलेले, हवा भरून भरून कॉम्प्रेसरही गेलेला. बिल बघून घरच्यांनी चार दिवस माझ्याशी धड बोलणं टाळलं.

तर शनिवारी रात्री काय करायचं? गाडी सपाट फरशीवर लावा. द्राक्षांच्या पेट्यांचे पुठ्ठे तुमच्याकडे ढिगाने असतील, ते इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरेन्शिअलखाली (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याखाली) पसरा. मग टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा आणि लिहून ठेवा. आधी मात्र खात्री करा, की या गाडीला एअर सस्पेंशनच आहे. गिअर लिव्हरजवळ उंची वर-खाली करायचं बटण असतं. असेल तर गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर नेऊन मग नेहमीच्या उंचीवर आणा. चढताना कॉम्प्रेसर किती वेळ घुरघुरतो, चारही कोपरे एका दमात उठतात का, ते बघा. सकाळी टेप पुन्हा लावा. चारही बाजूंनी थोडं थोडं उतरलं तर मी घाबरणार नाही. एकच कोपरा दोन बोटं खाली गेला असेल, तर तिथून हवा गळते आहे.

सकाळी पुठ्ठे बघा. काळं-तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल, गुलाबीसर, बोटाला चिकट आणि वासाला गोडसर असलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव). चाखू नका, ते विषारी असतं. एसी बंद केल्यावरचं साधं पाणी रात्री ठिबकतं, त्याची चिंता नको. या व्ही-८ मध्ये कूलंटच्या काही नळ्या जोडाला चिकटवलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं तापून ते जोड सुटतात, ही सगळ्या जगाला माहीत असलेली तक्रार आहे. कुणाची सुटते भर हायवेवर. ते काम आधी झालं असेल तर त्याचं बिल मागा. बिल नसेल तर झालेलं नाही असं धरून चाला.

मग थंड इंजिन सुरू करणं. तुम्ही स्वतः मागे, सायलेन्सरजवळ उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टार्ट मारायला सांगा. पहिल्या दोन-तीन सेकंदांची खरखर आणि मग शांतता, इथवर चालतं. खरखर चालूच राहिली तर नको. २०१० ते २०१२ च्या सुमाराच्या व्ही-८ मध्ये कॅमशाफ्ट ॲडजस्टरचे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ साधणाऱ्या भागाचे) बोल्ट ढिले होण्याचा प्रकार होता आणि तो इंजिन खाऊन टाकू शकतो. तुमची गाडी नेमकी त्यातच येते. चेसिस नंबर देऊन पोर्शच्या अधिकृत सेंटरला विचारा, की या गाडीवर हे काम झालंय का. नाशकात त्यांचं शोरूम नाही, तेव्हा मुंबईला फोन करावा लागेल. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. हिवाळ्यात पांढरी वाफ मिनिटभर येते, पण ती थांबतच नसेल आणि वास गोडसर असेल तर तिथेच नमस्कार करा. आणि थंड असताना ठक-ठक येऊन इंजिन तापल्यावर जाणारा आवाज असेल, तर सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून भिंतींवर ओरखडे आहेत का ते बघितल्याशिवाय एक रुपयाही काढू नका.

इंजिन अजून गार आहे तोवर गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावून घ्या. साधा, कुठल्याही गाडीला चालणारा ओबीडीचा नको, जर्मन गाड्यांचं काम करणारा एखादा माणूस स्कॅनरसकट बोलवा. दिवसाचे पैसे द्या, हा खर्च जिवावर येऊ देऊ नका. त्याला तीन गोष्टी विचारा. फॉल्ट कोड काय आहेत हे सगळेच विचारतात. दुसरी गोष्ट म्हणजे 'रेडिनेस' पूर्ण आहेत का. कुणी कालच कोड पुसून गाडी आणली असेल, तर संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या अजून अपुऱ्या दिसतात; स्वच्छ रिपोर्ट आणि अपुऱ्या चाचण्या एकत्र दिसल्या की ओळखा, पाटी आत्ताच पुसलेली आहे. तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते: इंजिन एकूण किती तास चाललं. पोर्शच्या इंजिन कंट्रोलरमध्ये हे तास नोंदलेले असतात. ५८ हजार किलोमीटरला तेवढ्या तासांनी भागा. २,३०० तास आले तर सरासरी वेग ताशी २५, मुंबईत वापरलेल्या गाडीला शोभणारा. ५ हजार तास आले तर ताशी १२ सुद्धा नाही. मग एकतर मालक रोज तासन्तास एसी लावून उभा होता, नाहीतर मीटर मागे फिरवला आहे. डीलरला हे गणित तोंडावर करून दाखवा. अडाणी दिसायची भीती होती ना तुम्हाला?

इतकं झाल्यावर गाडीत बसा. रेडिओ बंद, एसीचा फॅन बंद, काचा खाली. डीलरला प्रेमाने गप्प बसायला सांगा. तो बोलत राहतो याला कारण असतं.

सुरुवात आवारातच. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे तोडून चालण्याच्या वेगाने गोल, मग पूर्ण उजवीकडे, म्हणजे जमिनीवर इंग्रजी आठ काढायचा. गाडी अडखळली, टायर फरफटले, खालून दचके आले, तर ट्रान्स्फर केसकडे संशयाने बघा. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा तो डबा. या पिढीच्या कायेनमध्ये त्याची तक्रार नेहमीची. याच डब्याची दुसरी परीक्षा रस्त्यावर घ्या: ताशी वीस-तीसवर हलकासा, अगदी भित्र्यासारखा पाय द्या. मागून कुणी ढकलल्यासारखे धक्के आले तर नुसतं तेल बदलून भागेल की अख्खा डबा जाईल, हे त्या स्कॅनरवाल्या माणसाला किंमत ठरवण्याआधी विचारा. जोरात पाय दिला की हा धक्का जाणवत नाही, म्हणून तर डीलर जोरात द्यायला सांगतो.

टायर बघताना खाली वाका. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, साधारण एकाच झिजेचे हवेत. चारचाकी ताकदीच्या गाडीत दोन नवे-दोन जुने टायर म्हणजे त्या ट्रान्स्फर केसला रोजची शिक्षा. कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. या मापाचे चार टायर लाखाच्या वर जातात. ब्रेकच्या डिस्कच्या कडेला बोट फिरवा, उंच कंगोरा लागला तर डिस्क झिजली. कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारे भाग) पिवळे असतील तर बहुधा सिरॅमिक ब्रेक आहेत. त्या डिस्क बदलायच्या झाल्या तर तुमच्या एखाद्या प्लॉटचं पीक त्यात जाईल.

मग बागांमधल्या खडीच्या रस्त्याने ताशी वीस-पंचवीसने न्या. पुढून ठप-ठप आली तर सस्पेंशनचे बुश किंवा कंट्रोल आर्म. ते मोठं दुखणं नाही, भाव करायला कामी येतं. तिथून हायवेने नाशिककडे, आडगाव ओलांडून थेट द्वारका चौकात. हो, मुद्दाम. लोक गाडी मोकळ्या रस्त्यावर बघतात, मी म्हणते द्वारकेच्या गर्दीत वीस मिनिटं रांगत ठेवा, एसी पूर्ण जोरात लावून. इंजिनाच्या तापमानाचा काटा हलतोय का, एसीचा गारवा कमी होतोय का, ब्रेक सोडल्यावर गाडी सरळ सरकते की झटका देऊन, पहिल्याचा दुसरा गिअर पडताना खाडकन आवाज येतो का. हल्ली सिंहस्थाच्या कामांनी शहरात खोदाखोद इतकी आहे की सस्पेंशनची परीक्षाही आपोआप होते. महापालिकेचे एवढे तरी आभार मानू.

परत येताना पिंपळगावला न थांबता चांदवडपुढच्या राहूड घाटापर्यंत जा. चढाला एकदा, फक्त एकदाच, रस्ता रिकामा बघून पूर्ण पाय द्या. तुमचीही हौस भागायला हवी. मात्र नजर वेगाच्या काट्यावर नको, आरशात ठेवा, मागे निळं काही दिसतं का बघा. उतरताना नव्वदवरून सलग, घट्ट ब्रेक. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी. घरी आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, पाच मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू करा. तापलेलं असताना सुरू व्हायला कुरकुरणारी इंजिनं असतात. पुठ्ठा पुन्हा खाली घाला.

निघण्याआधी मात्र विमा आणि पीयूसी चालू आहेत का ते स्वतः बघा आणि वाटेत काही घासलं-ठोकलं तर खर्च कुणाचा, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची पोर्टलवर नोंद करावी लागते. त्याच्याकडे ते आहे का, हे विचारताना संकोच करू नका. तो 'दुसरा मालक' आरसीवर खरंच दुसरा आहे का, बँकेचं एचपी (कर्जाचा बोजा) उतरवलंय का, चलनं किती थकली आहेत, हे वाहन आणि ई-चलन पोर्टलवर नंबर टाकून दहा मिनिटांत दिसतं. पासिंग दुसऱ्या राज्याचं असेल तर तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स नव्याने, आणि या गाडीला ती रक्कम लाखांत असते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय उरलेले पैसे सोडू नका. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची विम्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो. विम्याचा आकडा त्याशिवायचा काढून बघा.

एक गोष्ट डीलर आपणहून कधीच सांगणार नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१२ मध्ये पास झालेली गाडी २०२७ मध्ये पुन्हा तपासणीला उभी राहणार, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर आलाच. आणि कायेन आयात गाडी असल्याने ती फी साध्या गाडीच्या कितीतरी पट. म्हणजे तुम्ही ३२ लाख देताय ते तिच्या पहिल्या पंधरा वर्षांच्या शेपटीसाठी. हे धरून भाव करा. मी तुमच्या जागी असते तर टेस्टमध्ये एकही खोट निघाली नाही तरी २६ च्या पुढे गेले नसते, आणि चार-पाच लाख वेगळे काढून ठेवल्याशिवाय सहीच केली नसती. विकत घेताना ती ३२ लाखांची असते, गॅरेजमध्ये शिरली की पुन्हा कोटीच्या पुढची होते. सुटे भाग तिचं वय बघत नाहीत. पंपावर सगळीकडे आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, २०१२ च्या इंजिनाला ते चालेल का, हेही पोर्श सेंटरकडून लेखी घ्या.

फॉर्च्युनर की कायेन, यावर मी बाप-लेकात पडणार नाही. पॅकहाऊसला रोज जायला आणि मजुरांना सोडायला फॉर्च्युनर, हे सांगायला माझी गरज नव्हती. तुम्हाला कायेन हवी आहे कारण ती कायेन आहे, आणि तेवढं कारण मला पुरतं. फक्त ती तुमची एकुलती एक गाडी असू नये. क्रेटा विकू नका.

नानांना सोबत घ्यायचं का, असं विचारलंत. घ्याच. घोटीच्या बाजारात बैल घेताना त्यांनी रंगवलेल्या शिंगांना कधी भुलून पैसे दिले नसतील. आधी दात बघितले असतील, मग चालवून बघितला असेल. त्यांना मागच्या सीटवर मधोमध बसवा आणि पायांतली चप्पल काढायला सांगा. कायेनचा लांब प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) त्या फरशीखालून जातो. त्याचं मधलं बेअरिंग खराब असेल तर धडधड पुढच्या माणसाला कळायच्या आधी तिथे बसलेल्याच्या तळपायांना कळते. वेग वाढला की ती वाढते का, एवढंच त्यांनी सांगायचं. आणि शनिवारी गाडी आत आली की पॅकहाऊसच्या गेटची किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या, म्हणजे पहाटे साडेपाचला कुणी गुपचूप इंजिन तापवून ठेवणार नाही.